मुठीतली वीज

श्रावणातील अमावास्या जवळ आली, की आमच्या सांवेरच्या बाजारात मातीचे बैल विकावयास येतात. इंदूरहून उज्जैनला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तहसिलीचे गाव बाहेरच्या लोकांना ठाऊक असते ते उलट्या हनुमानाच्या मंदिरामुळे. परंतु येथे आणि आसपासच्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना या दिवसांत वेध लागतात ते पोळ्याचे. आपले पूर्वज होळकरांच्या फौजांबरोबर माळव्यात आले, ते घोड्यांच्या पाठीवर बसून आणि बैलांच्या पाठीवर संसार लादून. घोडे केव्हाच गेले. ट्रॅक्टर आल्यापासून बैलही गोठ्यांतून नाहीसे होत चालले आहेत. तरीही ज्याच्या दारी बैल नाही, तोसुद्धा मातीची जोडी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि पुरणाचा नैवेद्य दाखवतो. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवले, त्याच्यापुढे एक दिवस आपली मान लववावी, असा या सणाचा अर्थ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेची प्रार्थना नुकतीच आटोपली असताना, जवळच्या खेड्यातील एक वृद्ध गृहस्थ आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांचा नातू आमच्या शाळेत नववीत शिकत होता. घर मराठीच; परंतु चार-पाच पिढ्या माळव्याच्या काळ्या मातीत गेलेल्या. आम्ही त्यांना बसावयास सांगितले. ते बसले नाहीत. त्यांनी खिशातून एक रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि काड्यापेटीएवढी एक वस्तू आमच्या मेजावर ठेवली. तिला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि एका टोकाला तांब्याच्या दोन चोची बाहेर आलेल्या होत्या.

"मास्साब, हे काय आहे ते तुम्ही सांगा. मी अडाणी माणूस."

आम्ही ती वस्तू उचलली आणि अजाणता अंगठा भलत्या जागी दाबला गेला. कोपरापर्यंत एक सणक गेली. हातातली हजेरीची वही खाली पडली आणि दारातला शिपाई हसू दाबीत बाजूला झाला. ती वस्तू काय आहे, हे आता आम्हांस कोणी सांगावयास नको होते.

हळूहळू सारी हकीकत उलगडली. मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रात मामाच्या गावी गेला होता. तेथे त्याने बैलांच्या शर्यती पाहिल्या आणि त्या शर्यतींत कोणा एका गाडीवानाने मुठीत लपविलेली 'बॅटरी'ही पाहिली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! घरी परतल्यावर चिरंजीवांनी विज्ञानाच्या तासाला मिळविलेले ज्ञान कामास लावून तसेच यंत्र तयार केले. गावात मित्रांनी गाड्या पळविण्याची पैज लावली होती. घरच्या ढवळ्या बैलाच्या कुशीला त्याने ते यंत्र दोनतीनदा लावले. बैल पळाला खरा. पण वाटेवर नव्हे, वाट सोडून. गाडी नाल्याकडे कलली, बैलाचे गुडघे फुटले, मुलगा उडी टाकून वाचला.

"गुडघे बरे होतील, मास्साब," म्हातारेबाबा म्हणाले. "पण हा ढवळ्या वासरू होता तेव्हापासून या पोराच्या हातनं खातोय. काल पोळा. पोरानं पुरणाची पोळी पुढं केली, तर तो मागं सरला. सणाच्या दिवशी जनावर पोळीला मागं सरतं, असं मी आजवर पाहिलं नव्हतं."

एवढे बोलून ते थांबले. आम्हांसही लगेच काही बोलता आले नाही.

त्या दिवसापासून या विषयाचा आम्ही जमेल तितका मागोवा घेतला. आमचा समज असा होता की, हे खुळ आपल्याकडच्या खेड्यांतलेच असावे. परंतु हे पाप जुने आहे आणि जगभरचे आहे. जेथे जनावर पळते आणि त्याच्या पळण्यावर पैसा किंवा प्रतिष्ठा लागते, तेथे केव्हा ना केव्हा ही बॅटरी पोहोचलीच आहे.

यंत्राची रचना साधी असते. लहानशा बॅटरीचा दाब आतील वेटोळ्यांतून अनेक पटींनी चढविला जातो. प्रवाह अगदी थोडा असल्याने जीव जात नाही. पण कातडीला जबर वेदना होते. घोड्याचा जॉकी, म्हणजे शर्यतीतला स्वार, ते तळहातात दडवितो आणि शेवटच्या टप्प्यात मानेला वा खांद्याला टेकवितो. अमेरिकेत त्याला 'मशीन' किंवा 'बझर' म्हणतात. ऑस्ट्रेलियात त्याचे नाव आहे 'जिगर'. आपल्याकडे जिगर म्हणजे छाती, हिंमत. तिकडे त्याच उच्चाराचा शब्द ज्याला हिंमत नाही त्याच्या हत्याराला लागावा, हा योगायोग मोठा विलक्षण आहे!

एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा डर्बी या मोठ्या शर्यतीत व्हॅलहोल नावाचा घोडा पहिला आला. त्याआधी त्याने एकही शर्यत जिंकली नव्हती, त्यामुळे साऱ्यांनाच आश्चर्य वाटले. पुढे चित्रफीत हळू फिरवून पाहिली, तेव्हा शर्यत संपल्यावर बिली पॅटिन या जॉकीच्या हातातून काहीतरी काळे खाली पडताना दिसले. मैदानात विजेचे यंत्रही सापडले. जॉकीला पाच वर्षे शर्यतींतून बाद करण्यात आले. जानेवारी २०१५ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे तर याहून चमत्कारिक प्रकार घडला. रोमन चापा या जॉकीचा घोडा जिंकला. मैदानाच्या छायाचित्रकाराने विजयाचा क्षण टिपला, आणि त्या विजयाच्याच छायाचित्रात जॉकीच्या मुठीतील यंत्र स्पष्ट उमटले. जे चित्र दिवाणखान्यात लावावयाचे, तेच पुरावा ठरले. त्यालाही पाच वर्षांची बंदी झाली. आणि अशा गुन्ह्याबद्दल त्याला झालेली ही पहिली शिक्षा नव्हती.

तिसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तेथील मेलबर्न कप ही शर्यत म्हणजे त्या देशाचा सणच. २०१५ साली ती प्रिन्स ऑफ पेन्झन्स या घोड्याने जिंकली. त्याचा प्रशिक्षक डॅरेन विअर हा तेथील नामांकित माणूस. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी त्याच्याकडे छापा घातला, तेव्हा ही 'जिगर' यंत्रे सापडली आणि पुढच्याच महिन्यात त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. सरावाच्या वेळी तीन घोड्यांना त्या यंत्राने छळल्याचा गुन्हा त्याने पुढे २०२२ मध्ये न्यायालयात कबूलही केला.

'सरावाच्या वेळी' हे शब्द वाचकांनी विसरू नयेत. आमच्या ढवळ्याचे कोडे आम्हांस तेथेच उलगडले. शर्यतीच्या दिवशी पंच असतात, कॅमेरे असतात, हजारो डोळे असतात. म्हणून काही लबाड माणसे यंत्र शर्यतीत आणीतच नाहीत. ती घरीच, तबेल्याच्या भिंतीआड घोड्याला झटके देतात आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांना झापडे बांधतात किंवा दुसरी एखादी खूण करतात. घंटा आणि अन्न यांची सांगड घालून केवळ घंटेच्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणविणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हचा प्रयोग आपण शाळेत शिकवितो. येथे घंटेच्या जागी झापड आणि अन्नाच्या जागी वेदना, एवढाच फरक. शर्यतीच्या दिवशी नुसते झापड बांधले की घोड्याला ती वेदना आठवते आणि तो जिवाच्या भीतीने धावत सुटतो. हातात यंत्र नाही, झडतीत काही सापडत नाही. यंत्र जनावराच्या आठवणीत ठेवून दिलेले असते. ढवळ्याला पुरणपोळी दिसत नव्हती असे नाही. त्याला पोळीमागचा हात दिसत होता.

आता आपल्या घराकडे वळू. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत घाटात पळणारा बैलगाडा, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे छकड्यांच्या शर्यती, विदर्भात शंकरपट. नावे निरनिराळी, हौस एकच. खिल्लार खोंडाला पोटच्या पोरासारखे वाढविणारी, स्वतः कोरडे खाऊन त्याला दूध-अंडी चारणारी माणसे तेथे आहेत, आणि त्यांचे जनावरावरचे प्रेम खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु बक्षिसे दुचाकी, मोटार, ट्रॅक्टर अशी वाढत गेली. त्यांबरोबर आरीचे टोचणे, शेपटी पिरगाळणे आणि शेवटी बॅटरी हेही आले.

पुढची हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती यांवर बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्याच्या शर्यतीसाठी नाही आणि केवळ करमणुकीसाठी त्याला यातना देता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना वाट मोकळी करून दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धावेचे अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. चाबूक, काठी आणि विजेचा धक्का देणारे साधन यांना मनाई आहे. नियम मोडून जनावरास यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्धचा केंद्रीय कायदा झाला. पहिल्या अपराधास त्यात दंड ठेवला होता दहा ते पन्नास रुपये. त्या काळीही ही रक्कम मोठी नव्हती. आज तर तेवढ्यात बैलाची वेसणही येणार नाही. पन्नास रुपयांपासून पाच लाखांपर्यंतचा हा प्रवास कोणी आकसाने घडविलेला नाही. मुठी झाकून फिरणाऱ्यांनीच तो घडविला. शर्यत बंद होती ती वर्षे ज्यांनी कधी बैलावर काठीही उगारली नव्हती, त्यांनाही भोगावी लागली. एकाच्या मुठीतली बॅटरी साऱ्या परंपरेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते, हे हौशी मंडळींनी इतरांपेक्षा अधिक जाणले पाहिजे.

शर्यत ही मुळात असते तरी कशासाठी? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे घोड्यांची शर्यत हा जुगार आहे काय, असा प्रश्न आला होता. न्यायालयाने सांगितले की, ते प्रामुख्याने कौशल्य आहे. घोड्याचे कूळ, त्याची तालीम, स्वाराचे कसब यांचा तेथे कस लागतो. म्हणजे शर्यत हा एक प्रश्न झाला: या जनावरात किती दम आहे आणि या माणसाला ते किती कळले आहे? बॅटरी लावणारा या प्रश्नाचे उत्तर चोरतो. जनावराला कोणती वेदना किती वेळ सोसवत नाही, एवढेच त्याची जीत आपल्याला सांगते.

आपल्या महाभारतातील नलोपाख्यानात याच प्रश्नाचे फार जुने उत्तर आहे. जुगारात राज्य हरलेला नल राजा बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि एका दिवसात विदर्भ गाठावयाचा असतो. बाहुक तबेल्यातून दिसावयास कृश असे घोडे निवडतो. राजा संतापतो, ही कसली हडकुळी जनावरे! परंतु बाहुकाला लक्षणे ठाऊक असतात. त्याच्यापाशी 'अश्वहृदय' नावाची विद्या असते. तो घोड्यांना चुचकारून रथाला जोडतो आणि सायंकाळी कुंडिनपूर गाठतो. वाटेत ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो आणि मोबदल्यात अश्वहृदय घेण्याचे ठरवितो. लक्षावधींचे राज्य फाशांवर गमावलेल्या माणसाला पुन्हा उभे केले, त्यात घोड्याचे मन जाणण्याचाही वाटा होता. आपल्या पूर्वजांनी त्या विद्येचे नाव किती नेमके ठेवले! अश्वबल नव्हे, अश्वताडन नव्हे; अश्वहृदय. ज्याला हृदय कळते त्याला बॅटरी लागत नाही. आणि ज्याला बॅटरी लागते त्याला जनावर कळलेले नसते.

शिक्षकाच्या पेशात आमची तीसएक वर्षे गेली. परीक्षेतील कॉपी आम्ही नाना प्रकारांनी पकडली आहे: बाहीत, बुटात, पट्टीच्या मागे. कॉपी करणारा मुलगा स्वतःला फसवितो, फार तर शेजाऱ्याचा क्रमांक हिरावतो. परंतु उत्तरपत्रिकेला काही दुखत नाही. बॅटरीच्या लबाडीत मात्र किंमत मोजणारा तिसराच असतो. त्याने पैज लावलेली नसते, बक्षीस त्याला मिळावयाचे नसते आणि पंचापुढे त्याला तक्रारही करता येत नाही. तो एवढेच करू शकतो की, पुन्हा हात पुढे आला म्हणजे मागे सरतो.

त्या मुलाला आम्ही काय शिक्षा केली, असे वाचक विचारतील. छडी मारून काही साधणार नव्हते. एका धाकाला दुसऱ्या धाकाने उत्तर देण्यासारखेच ते झाले असते. आम्ही त्याला बोलावून आजोबांच्या समोर यंत्र त्याच्या हाती दिले आणि म्हणालो, "बाळ, शास्त्र तू चांगले शिकलास. आता हे आपल्या दंडाला लावून दाखव." तो रडू लागला. ते लावावयास आम्ही त्याला भाग पाडले नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते उघडून निकामी केले. पुढचा उपाय बाबांनीच सांगितला. रोज सकाळी आणि संध्याकाळी वैरणीची पाटी मुलानेच ढवळ्यापुढे ठेवावयाची आणि दहा पावले मागे सरून उभे राहावयाचे. हात लावावयाचा नाही, हाक मारावयाची नाही. बैल आपण होऊन जवळ येईल तेव्हा येईल.

पहिला महिनाभर तो उभा आहे तोवर ढवळ्या पाटीला तोंड लावीत नसे. दिवाळीच्या सुमारास खाऊ लागला. पण एक डोळा मुलाकडे ठेवून. त्या वर्षी परीक्षेच्या दिवसांतही मुलाची पाळी चुकली नाही, हे आम्ही स्वतः चौकशी करून ठेवले होते. पुढच्या पोळ्याला ढवळ्याने पोळी ताटातून खाल्ली, हातातून नाही. त्याच्या पुढच्या पोळ्याला मात्र बाबांनी आम्हांस मुद्दाम बोलावून नेले. खांदेमळणी झालेली होती, शिंगे रंगविलेली, अंगावर जुनी झूल. मुलगा आता ओठावर मिसरूड फुटलेला तरुण झाला होता. त्याने उघड्या तळहातावर पुरणाची पोळी धरली. ढवळ्या बराच वेळ उभा राहिला, मग मान पुढे करून त्याने ती उचलली. बाबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. कोणी काही बोलले नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आता मातीचेच बैल असतील. शर्यत पाहावयास कोणी गावी जाईल, कोणी मोबाइलच्या पडद्यावर पाहील. मुले आपल्या शेजारी बसून तीच पाहत असतात. कोण जिंकले, असे ती विचारतील तेव्हा, कसे जिंकले, हेही त्यांना विचारावयास शिकवावे, एवढीच आमची विनंती आहे.

त्या दिवशी निघताना आम्ही सहज मागे वळून पाहिले. ऊन लागू लागले होते. घाम पुसण्यासाठी मुलाने रुमाल काढावयास उजवा हात खिशात घातला, आणि ढवळ्याच्या कुशीवरचे कातडे थरथरले.